एका वेळी एक सूर

८ जुलै, सकाळी

लग्नांना वर्ज्य असलेला सुरो महिना लागला. आता महिनाभर क्लातेनच्या आसपास कुणी लग्न लावणार नाही, त्यामुळे आम्हा वाजवणाऱ्यांना सक्तीची सुट्टी. बाकीचे झोपा काढतील. मी कलावंत होणार आहे.

सिंथेसायझर आला. सेमी-मॉड्युलर, अ‍ॅनालॉग. त्या जातीतला सर्वांत स्वस्त, पण जात तीच. काळी पेटी, पुढच्या बाजूला खुंट्याच खुंट्या, उजवीकडे भोकं. या भोकातून त्या भोकात वायर घालायची की आवाज बदलतो. परदेशातले मोठमोठे लोक एवढ्यावरच आयुष्य काढतात.

इतकी वर्षं लग्नाच्या मांडवात कीबोर्ड वाजवला. वाजवला म्हणजे बटण दाबलं. ढोलक तो वाजवणार, बासरी तो वाजवणार, शेवटच्या टाळ्यांचंसुद्धा बटण. मी डाव्या हाताने तीन पट्ट्या धरून पाहुण्यांकडे बघत हसायचं. गाते मूर्तिनी, माझी बायको; जोडगाण्यांत तेवढा मीही. लोक तिला ऐकायला येतात हे खरं आहे. पण मी शेजारीच बसलेला असतो, त्यामुळे मला टाळून तिला ऐकता येत नाही.

कीबोर्ड देलांगूच्या हेंद्रोला देऊन टाकला. तोही लग्नांत वाजवतो, कधीपासून मागत होता. मूर्तिनीला सांगितलं की दुरुस्तीला दिलाय. हे खोटं म्हणता येणार नाही. दुरुस्ती माझी चालली आहे, एवढाच फरक.

संकल्प: रोज तीन तास रियाज.

९ जुलै

आवाज आला नाही. सगळ्या वायरी लावून झाल्या. सगळ्या काढून झाल्या. संध्याकाळी कळलं की आवाजाची खुंटी शून्यावर होती.

मग आवाज आला, पण थांबेना. पट्टीवरून बोट काढलं तरी चालूच. शेवटी भिंतीतला प्लग उपटला. शेजारच्या काकू, बु न्गातिनाह, कुंपणापाशी आल्या आणि मला म्हणाल्या, "पाक कार्सो, तुमचा पाण्याचा पंप जळतोय वाटतं."

'पाक' म्हणजे 'राव' म्हणून मान देतात, पण सामान्य माणसाच्या कानाला वेळ लागतो.

११ जुलै

मूर्तिनी दारात उभी राहून बराच वेळ बघत होती. मला ती आदराने 'मस' म्हणते. म्हणाली, "मस, यात ढोलक कुठे आहे?" सांगितलं, ढोलक आपण घडवायचं. म्हणाली, "आणि एका वेळी सूर किती वाजतात?" म्हटलं, एक. "मग दुसरा हात काय करणार?" म्हटलं, खुंट्या पिळणार.

तिने वायरी हातात घेऊन मोजल्या. मग म्हणाली, "वायरी कमी पडल्या तर सांगा. कपड्यांची दोरी आहे."

विनोद करते म्हणजे तिला रस वाटायला लागला आहे.

१४ जुलै

आज सापडला. असा आवाज जगात कुणी ऐकला नसेल. खाली घुमणारं काहीतरी आणि वरून काचेसारखं काहीतरी. डोळ्यांत पाणी आलं. मूर्तिनीला बोलवायला गेलो. जाताना बाहीत एक वायर अडकली आणि सुटली.

या यंत्रात आवाज साठवायची सोय नाही. कोणती वायर कुठे होती ते आपणच लक्षात ठेवायचं. मूर्तिनी आली तेव्हा पुन्हा पंप.

१५ जुलै

सापडला नाही. आता प्रत्येक वेळी फोनवर फोटो काढणार.

१८ जुलै

पुष्कळ फोटो जमले. सगळे सारखे दिसतात.

गावात सध्या घरोघरी वाडवडिलांचे खंजीर फुलांच्या पाण्याने धुणं चाललंय. सुरोत धुतले की त्यांच्यातली शक्ती जागी होते. मी यंत्राला धूप दाखवला. धुतलं नाही, वॉरंटी आहे.

१९ जुलै

मूर्तिनीला कळलं.

हेंद्रोने ओसरीवर कीबोर्ड वाजवतानाचा व्हिडिओ टाकला. कीबोर्डच्या पडद्यावर ठळक अक्षरांत 'मूर्तिनी १'. तिच्या गाण्यांची सगळी मांडणी मी तिच्याच नावाने साठवली होती. पुसायची राहिली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने तेंपे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, तळल्या, माझ्यापुढे ताट ठेवलं आणि म्हणाली, "दुरुस्ती छान झालेली दिसतेय."

मग मी तिला सगळी योजना समजावली. सतरा ऑगस्टला देशाच्या स्वातंत्र्यदिनाला गावात आपण नवा कार्यक्रम करायचा. सरपंच पाक सुमार्दी थक्क होणार. पंचवीसला त्यांच्या मुलीचं लग्न आहे, त्याची सुपारी आपल्याकडे आधीच आहे. जिल्हाधिकारी येणार. एकदा जिल्हाधिकाऱ्यांनी ऐकलं की पुढचं मला सांगायची गरज नाही.

ती म्हणाली, "मला विचारलं असतंत तर मी नाहीच म्हटलं असतं. पण विचारायला हवं होतं."

अनुमती समजावी.

२६ जुलै

दोघांचा पहिला रियाज. तिची तयारी नव्हती हे नमूद करतो.

अ‍ॅनालॉग यंत्र तापलं की सूर हलतो. ही त्याची खासियत आहे, जिवंतपणा आहे. दुपारी आमच्या पत्र्याखाली सूर चढत गेला. मूर्तिनी त्याच्यामागून चढत गेली. तिसऱ्या कडव्यात ती थांबली आणि म्हणाली, "तुमचं यंत्र कुठे चाललंय ते मला आधी सांगत जा."

यंत्राला पंखा लावला. मग पंखाच जास्त ऐकू यायला लागला. ती म्हणाली, पंखा निदान सुरात आहे.

३१ जुलै

रियाज नाही. पाठ धरली.

१ ऑगस्ट

रियाज नाही. मूर्तिनी घरात एकटी गुणगुणत होती, त्यात व्यत्यय नको म्हणून. मी आत गेल्यावर थांबली.

३ ऑगस्ट

जोग्जा शहर. माझा पहिला खरा कार्यक्रम. एका कॉफीच्या दुकानात दर शनिवारी दुपारी अशी यंत्रं वाजवणारी मंडळी जमतात. चालवणारी मुलगी लिंतांग, डोकं तासलेलं, हातावर गोंदलेलं, पण बोलायला नम्र. तिने माझं यंत्र बघितलं आणि म्हणाली, "पाक, मीही याच्यावरच शिकले."

मी वाजवलं. मंडळी जमिनीवर डोळे मिटून बसली होती. एक तर आडवाच झाला, इतका तल्लीन. संपल्यावर त्याला हलवावं लागलं.

लिंतांग म्हणाली, "एवढा संताप आम्हाला कधी जमला नाही." मी मान लववली. खरं म्हणजे मी पूर्ण वेळ ते सुरात लावायचा प्रयत्न करत होतो. पण कलाकृती एकदा बाहेर पडली की ती रसिकांची.

घरी येऊन मूर्तिनीला सांगितलं की जोग्जात मला समजून घेतात. ती म्हणाली, "मग लग्नंही तिथलीच मिळतील का?" ती हे चेष्टेत म्हणत नव्हती. भांडी घासत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

१० ऑगस्ट

सुरो संपून लग्नं सुरू झाली. आम्हाला दोन ठिकाणांहून विचारणा आली. मी फोनवरच नव्या आवाजाची झलक ऐकवली. दोघांनीही विचार करून कळवतो म्हणून सांगितलं. विचार करताहेत, हीच मोठी गोष्ट.

१७ ऑगस्ट, संध्याकाळी

सविस्तर लिहायची इच्छा नाही, पण इतिहासासाठी लिहितो.

मैदानात पापड खाण्याची स्पर्धा होती. दोरीला टांगलेले पापड हात मागे बांधून खायचे. त्याला संगीत माझं. मी सुरुवात केली. मुलं खायची थांबली. सगळ्यात धाकटं रडायला लागलं. त्याच्या आईने माझ्याकडे बघितलं ते अजून डोळ्यांसमोर आहे.

पाक सुमार्दी मंचावर आले, वाकून माझ्या कानात म्हणाले, "पाक कार्सो, तुमचं चेकिंग झालं की सांगा, म्हणजे कार्यक्रम सुरू करू."

अर्धा कार्यक्रम झाला होता.

मूर्तिनी माझ्याशेजारी माईक धरून उभी होती, तिच्या सणासुदीच्या हिरव्या केबायात. तिने दोनदा सूर पकडायचा प्रयत्न केला. मग माईक खाली घेतला आणि मला हळूच म्हणाली, "मस, बंद करा. माझ्यासाठी." मी म्हटलं, आता तापलंय, थोड्याच वेळात स्थिर होईल. म्हणाली, "लोकांसमोर रडायला लावू नका मला."

मी बंद केलं.

हेंद्रो प्रेक्षकांत होता. कीबोर्ड त्याच्या गाडीतच होता. योगायोग. उरलेला कार्यक्रम त्याने वाजवला, ती गायली. मी परवानगी दिली. कुणी मागितली नव्हती, पण मी दिली.

२० ऑगस्ट

पाक सुमार्दी सपत्नीक घरी आले. लेम्पेरचा डबा घेऊन. लेम्पेर म्हणजे केळीच्या पानात गुंडाळलेला चिकट भात, गोड बोलून काही सांगायचं असलं की आणतात. कुणी बोलावलं नसताना डबा आला तेव्हाच कळायला हवं होतं.

हवापाण्याचं बोलले. माझ्या तब्येतीचं विचारलं. मग म्हणाले, "तुमचं वाद्य मोठ्या ठिकाणचं आहे, पाक कार्सो. आमचा मांडव लहान." लग्नाला हेंद्रो वाजवणार. मूर्तिनीने गावं अशी मुलीची इच्छा आहे, लहानपणापासून तिचंच ऐकत आली. मी म्हटलं, अर्थातच, मी समजू शकतो, घ्या ना, तुम्हीही लेम्पेर घ्या.

ते गेल्यावर मूर्तिनी म्हणाली, "तुम्ही नको म्हणालात तर मी जाणार नाही."

हा वाक्यप्रयोग तिने करायला नको होता. नको म्हटलं तर मी कसला माणूस. जा म्हटलं तर ती जाणार. मी म्हटलं, जा, प्रतिस्पर्ध्याचं काम जवळून बघून ये. ती वाट बघत उभी राहिली, मी आणखी काही म्हणेन म्हणून. मी मागच्या अंगणात जाऊन कोंबड्यांना दाणे टाकले. कोंबड्यांनी आधीच खाल्लं होतं.

२२ ऑगस्ट

देलांगूला गेलो. मागायला नाही, सहज. हेंद्रोने चहा दिला. सहज म्हटलं, अदलाबदल करू या, तुला नवं यंत्र, मला जुना कीबोर्ड. तोटा माझाच आहे, पण मैत्री. हेंद्रो चांगला मुलगा आहे, खाली बघत म्हणाला, "मस कार्सो, बायको त्याला घरात घेणार नाही. तिने सतराला ऐकलंय."

यंत्र विकायची जाहिरात फोनवर टाकली. विकणार नाही, फक्त बाजारभाव कळावा. एकाने विचारलं, याने मासे शोधता येतात का. दुसऱ्याने विचारलं, गिरणीच्या मोटारीला चालेल का. तिसऱ्याला मी स्वतःहून फोन केला. त्याने चुकून बटण दाबलं होतं.

मूर्तिनी हेंद्रोकडे रियाजाला गेली आहे. घर फार शांत आहे. यंत्र सुरू केलं आणि एकच पट्टी धरून बसलो. बु न्गातिनाह कुंपणापाशी आल्या, मला बघितलं आणि तशाच परत गेल्या.

२५ ऑगस्ट

लग्न. मी पाहुणा. आयुष्यात पहिल्यांदा मांडवात समोरच्या बाजूला बसलो. खुर्ची मागच्या रांगेत, जेवण उत्तम. सूप चांगलं होतं.

मूर्तिनी गायला उठली आणि मला वाटलं, कुणी दुसरीच गातेय. आवाज वर, मोकळा. असा मी ऐकला नव्हता. पाहुणे ताट हातात धरून वळले. नवरामुलगासुद्धा वळला. जिल्हाधिकारी आले नव्हते, पण त्यांच्या जागी जे आले होते ते टाळ्या वाजवत होते.

मध्यंतरात कीबोर्डजवळ गेलो. पडद्यावर 'मूर्तिनी १', पण पट्टी माझ्यापेक्षा कितीतरी वरची. हेंद्रोला म्हटलं, तुझा हात लागून बिघडलाय, तिचा घसा जाईल, नीट कर. तो अवघडला. म्हणाला, "बिघडलेलं नाही, मस. त्यांनीच सांगितलं. त्यांची पट्टी हीच. जोडगाण्यात तुमचा आवाज वर पोचत नाही, म्हणून त्या खाली गात होत्या."

मी म्हटलं, हो, ते आमचं ठरलं होतं.

ठरलं नव्हतं. मला माहीत नव्हतं. लग्नाआधीपासून आम्ही एकत्र गातोय.

घरी येताना स्कूटरवर मागे बसून तिने विचारलं, कसं झालं. मी म्हटलं, छान, थोडं वर होतं. ती म्हणाली, "हो." मग बरंच पुढे गेल्यावर म्हणाली, "आत्ता घसा दुखत नाहीये, मस. खाली गाताना दुखायचा."

स्कूटर चालवताना मागे बघता येत नाही. बरं असतं.

२९ ऑगस्ट

यंत्र लिंतांगला दिलं. देणगी म्हणावं. दुकानात शिकाऊ मुलांसाठी ठेवणार आहे. न्यायला आली तेव्हा ओसरीवर मांडी घालून बसली, चालू आहे ना बघते म्हणाली. दोन वायरी लावल्या, एक खुंटी जरा फिरवली. खाली घुमणारं काहीतरी, वरून काचेसारखं काहीतरी.

मूर्तिनी हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. बराच वेळ ऐकलं. मग मला म्हणाली, "हे दाखवायचं होतं का तुम्हाला?"

मी म्हटलं, हो. मी बरंचसं लावूनच ठेवलं होतं.

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो ओला होता.

७ सप्टेंबर

हेंद्रोने मला त्याच्या मंडळात घेतलं आहे. पद तांत्रिक प्रमुख. काम वायरींचं: अंथरायच्या, जोडायच्या, शेवटी गुंडाळायच्या. शिवाय माईकमध्ये एक-दोन-तीन म्हणायचं. माझा आवाज तिथपर्यंत व्यवस्थित पोचतो.

आज सोलो शहरात लग्न. गाडी हेंद्रो चालवतो. पुढच्या सीटवर मूर्तिनी, कारण तिच्या अंबाड्याला उंची लागते. मी मागे, सामानात, स्पीकरला दोन्ही हातांनी धरून. वळणावर तो घसरतो. तिथे कुणीतरी जबाबदार माणूस लागतोच.