वाळलेल्या फांद्या

आई,

मी धडधाकट आहे, बसलाही ओरखडा नाही. तुझा गुडघा कसा आहे?

काल चिरुंडूच्या घाटात रस्त्यावर तोडलेल्या फांद्या टाकलेल्या दिसल्या, म्हणजे पुढे ट्रक बंद पडल्याची खूण. मी वेग कमी केला. मागून एक प्रवासी खेकसला, "अगं बाई, वाळल्यात त्या. ट्रक कधीच गेला असेल."

"घाई असेल तर उतरा आणि पळत जा," मी म्हटलं.

वळणापलीकडे रस्ता मोकळाच निघाला. सगळी बस मला हसली. संध्याकाळी बसचा मालक म्हणाला, असाच उशीर केलास तर दुसरा ड्रायव्हर बघतो. म्हटलं, खुशाल बघा.

बाबाही फांद्या वाळल्यात म्हणूनच न थांबता पुढे गेले होते, आणि वळणापलीकडे ट्रक तसाच उभा होता. मी उद्याही ब्रेक मारणार.

घरी ये म्हणू नकोस. या घाटात आपल्या घरातल्या कुणीतरी हळू गाडी चालवायलाच हवी.

तुझी हट्टी,
मुतिंता