स्कॅन न करण्याची शास्त्रीय कारणे

तीर्थरूप अक्का,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा कान वाहायचा थांबला का? (कानात तेल घालू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलं तरी ते घालतात आणि मग तुझं बोलणं ऐकू येत नाही म्हणतात. हा त्यांचा आजार की बेत, ते मला इतकी वर्षं ठरवता आलेलं नाही.) मी ठीक आहे. खोकला आहे, पण तो आता घरचाच झाला आहे. सकाळी माझ्या आधी उठतो आणि रात्री माझ्यानंतर झोपतो. पत्रास विशेष कारण नाही. परवा तू ओरडलीस आणि मी फोन ठेवला, तो राग नव्हता. मला फोनवर उत्तर सुचत नाही, ठेवल्यावर सुचतं, म्हणून ते लिहून पाठवतो. छातीच्या फोटोत डाग दिसला, डॉक्टरांनी सीटी स्कॅन सांगितला, मग अजून का करत नाहीस, हा तुझा प्रश्न. आणि कान धरून नेईन, ही धमकी. तर अक्का, तू येऊ नकोस. मी स्कॅन करणार नाही, आणि त्याची कारणं शास्त्रीय आहेत.

तुझ्या भावजयीचं सगळं आयुष्य इस्पितळाच्या एक्स-रे विभागात आणि पुढे सीटीच्या खोलीत गेलं, हे तुला माहीतच आहे. ती गेली तेव्हा डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, हृदय बंद पडलं, किरणांचा काही संबंध नाही. पण भेटायला येणारा प्रत्येक जण पाण्याचा पेला खाली ठेवता ठेवता म्हणायचा, "शेवटी त्या मशीननी घात केलाच." मी आधी मान हलवून सोडून द्यायचो. तिच्या कोटाला एक बॅज असायचा, आत ओळीने तीन गोल चकत्या, अंगावर किती किरणं पडली ते मोजणाऱ्या. दर तीन महिन्यांनी सगळ्यांचे बॅज तपासणीला जायचे, आणि इतक्या वर्षांत तिच्या बॅजवर मोजण्यासारखं कधी काही निघालं नाही. ती म्हणायची, "मी शिशाच्या भिंतीमागे असते. मला धोका असलाच तर तुमच्या स्कूटरवर मागे बसण्याचा आहे." हे सगळं मला पाठ होतं. पण माणूस गेलं की कोणाला तरी दोष द्यावा लागतो. तिच्या हृदयाला द्यावा, तर त्याने कधी कोणाचं वाईट केलं नव्हतं. किरणं दिसत नाहीत, उलटून बोलत नाहीत, म्हणून मी किरणांना धरलं. मी जन्मभर वजनमापे खात्यात दुकानदारांचे तराजू तपासले, अक्का. खोटं माप मला लांबून कळतं. इथे मापात खोट नव्हती आणि तरी घरात एक माणूस कमी भरत होतं.

तो बॅज इस्पितळाला परत करायचा राहिला होता. (राहिला होता म्हणजे मी राहू दिला होता.) तो मी बंडीच्या आतल्या खिशात ठेवू लागलो. खोकल्यासाठी छातीचा फोटो काढायला गेलो तेव्हा शर्ट काढा म्हणाले, काढला. बंडीबद्दल कोणी काही बोललं नाही आणि मी आपण होऊन बोलणाऱ्यांतला नाही. फोटो बघून डॉक्टरांचा चेहरा उतरला. हृदयावर तीन गोल सावल्या, एका रेषेत, एकाच मापाच्या. त्यांनी खुर्ची जवळ ओढली, माझ्या हातावर हात ठेवला आणि घरी कोण कोण असतं असं विचारलं. (डॉक्टर खुर्ची जवळ ओढतात तेव्हा समजावं.) मी म्हटलं, कोणी नाही. ते आणखी हळू बोलू लागले. तेवढ्यात आत आली ती तुझ्या भावजयीच्या हाताखाली शिकलेली मुलगी, आता तीच तो विभाग सांभाळते. तिने फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सरळ बंडीच्या खिशात हात घातला.

"काका, हा मॅडमचा बॅज आहे!"

"हो," मी म्हटलं.

"तुम्ही हा घालून फोटो काढलात?"

"घालून नाही. ठेवून."

तिला हसावं की रडावं ते कळेना, म्हणून ती रागावली. डॉक्टरांनी हात काढून घेतला आणि खुर्ची मागे नेली. बॅज जप्त झाला, फोटो पुन्हा निघाला. तिन्ही सावल्या गेल्या. उजवीकडे, खाली, एक लहानसा डाग तेवढा राहिला. तो खिशात नव्हता.

खरी मौज पुढेच आहे. जप्त झालेला बॅज त्या मुलीने टेबलावर ठेवला, आणि तिथून तो बाकीच्या बॅजांबरोबर तपासणीला गेला. आयुष्यभर ज्यावर काही उमटलं नव्हतं, त्याच्यावर आता माझा एक्स-रे उमटलेला. काही आठवड्यांनी घरी पत्र आलं, तुझ्या भावजयीच्या नावाने. या तिमाहीत आपल्या बॅजवर नेहमीपेक्षा जास्त मात्रा आढळली आहे. त्याचे कारण कळवावे. खुलासा होईपर्यंत किरणांच्या जवळ जाऊ नये आणि विश्रांती घ्यावी. अक्का, पत्र वाचून मी बराच वेळ दारातच उभा होतो. ती गेल्यापासून तिच्या नावाने विम्याची आणि वीजबिलाची पत्रं आली, पण तिच्या तब्येतीची चौकशी करणारं हे पहिलंच. सरकारी भाषेत का होईना, कोणीतरी तिला जप म्हणत होतं. मी उलट टपाली कळवलं की संबंधित कर्मचारी आपल्या दोन्ही सूचना काटेकोरपणे पाळत आहेत.

त्यानंतर मी अभ्यासाला लागलो. मदतीला शेजारचे मास्तर होते. निवृत्त विज्ञान शिक्षक, माणूस सज्जन, पण ऐकून घेण्याची सवय शाळेतच सोडून आलेले. त्यांच्याकडे किरणं मोजणारं एक जुनं यंत्र आहे, किरणं आली की टिक टिक करतं. त्यांनी ते आमच्या घरात फिरवलं. ओट्याच्या ग्रॅनाइटजवळ टिक टिक. केळ्यांजवळ ते गप्पच होतं, पण केळ्यांतही किंचित असतं हो, यंत्राला कळत नाही इतकंच, असं म्हणून त्यांनी त्यातलं एक केळं सोलून खाल्लं. गच्चीत टिक टिक. ती कशाची, म्हटलं, तर आकाशातून येतात ती. मोबाइल आणि मायक्रोवेव्ह मात्र त्यांनी हात हलवून निर्दोष सोडले. ती जात वेगळी, म्हणाले. मी ओट्यावर स्वयंपाक करणं सोडलं आणि जमिनीवर शेगडी मांडली. मग मास्तर म्हणाले, जमिनीतूनही वायू येतो. तेव्हा शेगडी स्टुलावर ठेवली. आता मी उभ्याने शिजवतो आणि उभ्यानेच खातो. बसण्यासारखी जागा शास्त्राने ठेवलेली नाही.

मग एका दुपारी मास्तर पुन्हा आले. यंत्र चालू केलं आणि ते किंचाळायलाच लागलं. टिक टिक नव्हे, सरळ कर्कश आवाज. मास्तर पांढरे पडले. स्वयंपाकघरात गेले, किंचाळलं. न्हाणीघरात गेले, किंचाळलं. आम्ही फ्रिज रिकामा केला, गादी गच्चीत नेली, घड्याळ भिंतीवरून उतरवलं. शेवटी ते तुझ्या भावजयीच्या कपाटापाशी उभे राहिले, यंत्र दाराला लावलं आणि माझ्याकडे वळून इतक्या मायेने बोलले की मला त्यांचीच काळजी वाटली.

"साहेब, मन घट्ट करा. वहिनींच्या कपाटात आहे. इतकी वर्षं त्या खोलीतून कपड्यांवर आणलं असणार."

ते कपाट मी उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं. तिचे कपडे, पांढरे कोट, लोकरीची टोपी, सगळं चादरीत बांधून गच्चीत नेलं. मास्तर मागून यंत्र घेऊन, आणि यंत्र रडतंय. (मला त्या वेळी त्या यंत्राचा हेवा वाटला, हे तुलाच सांगतो.) एवढ्यात मास्तरीणबाई धावत वर आल्या.

"अहो, तुम्ही इथे काय करताय? सकाळी हृदयाच्या तपासणीला ते किरणांचं औषध टोचलंय ना तुम्हाला? आज कोणाच्या फार जवळ बसू नका म्हणून सांगितलं होतं की नाही?"

मास्तरांनी यंत्र स्वतःच्या पोटाला लावलं. ते आणखी मोठ्याने ओरडलं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो मी प्रत्यक्ष पाहिला. बाई त्यांना घेऊन गेल्या, जिन्यावरून आवाज खाली खाली जात राहिला, आणि मग आमचं घर पुन्हा पहिल्यासारखं झालं. मी कपडे परत आणले. घड्या घालत बसलो. ती घालायची तशी घडी मला येत नाही. ती बाह्या मागे कशा न्यायची ते मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. कपाटाचं दार आता पूर्ण लागत नाही.

मास्तरांनी दिलेल्या एका पुस्तकात वाचलं की प्रत्येक माणसाच्या अंगातूनही अगदी थोडी किरणं निघतात. म्हणजे शेजारी झोपणाऱ्या माणसामुळे आपल्याला वर्षाला थोडी जास्त मिळतात. नगण्य, असं पुस्तकात लिहिलं आहे. तेव्हा हिशेबाने पाहता गेल्या वर्षात माझी मात्रा कमी झाली आहे. यात आनंद मानायचा असेल तर माझी हरकत नाही, पण तो कसा मानायचा ते पुस्तकात दिलेलं नाही.

आता मूळ मुद्दा. छातीच्या साध्या फोटोत मिळतात तेवढी किरणं माणसाला नुसतं बसल्या जागी काही दिवसांत मिळतात. स्कॅनमध्ये त्याच्या कितीतरी पट, म्हणजे काही महिन्यांची किंवा वर्षांची एकदम. माझे दोन फोटो झाले आहेत, वर मास्तर झाले आहेत. डॉक्टर म्हणतात, तुमच्या वयाला तो धोका अगदी लहान, डाग न तपासण्याचा धोका त्याहून खूप मोठा, आणि लवकर कळलं तर उपाय आहे. सगळं बरोबर आहे. मी मान हलवली. उपाय करून काय करायचं, एवढंच विचारायचं होतं, पण बाहेर रांग होती. सकाळी उठतो, दोन कप काढतो, एक परत ठेवतो. हे आणखी किती वर्षं करता यावं म्हणून माणसाने स्वतःला मशीनमध्ये सरकवून घ्यायचं? तेव्हा माझा निर्णय झाला आहे. तू वाईट वाटून घेऊ नकोस. भाऊजींना कान कोरडा ठेवायला सांग.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. येऊ नकोस हे पुन्हा लिहितो. आमची लिफ्ट बंद आहे आणि तुझ्या गुडघ्यांना जिने झेपणार नाहीत. शिवाय आल्यावर तू उभ्याने जेवणार नाहीस.

ता. क. २. वरची कारणं खरी आहेत, पण मी त्यांना भीत नाही. तुझ्यापाशी लपवून उपयोग नाही, म्हणून लिहितो. स्कॅनच्या खोलीत माणूस एकटा असतो आणि मशीनच बोलतं: श्वास घ्या, रोखून धरा, आता सोडा. कंपनीने दिलेला आवाज इतका परका होता की म्हातारी माणसं कोण बोललं म्हणून उठून बसायची आणि चित्र हलायचं. म्हणून तुझ्या भावजयीने एका दुपारी ही तीन वाक्यं स्वतःच्या आवाजात भरली. ती अजून तशीच आहेत. येईल त्याला ती रोज सांगते. मी एकदा त्या दारापर्यंत जाऊन आलो. दार जाड आहे, काही ऐकू आलं नाही. आधी बरं वाटलं, मग जिना उतरवेना.

ता. क. ३. त्या मुलीचा काल निरोप आला. पुढच्या महिन्यात नवीन मशीन येतंय आणि जुनं आवाजासकट जाणार. मी गुरुवारची वेळ घेतली आहे. तू बुधवारी ये. लिफ्टचं मी पाहतो, नाहीतर खुर्चीत बसवून वर आणू. ती श्वास घ्या म्हणेल तेव्हा घेईन, रोखून धरा म्हणेल तेव्हा धरीन, त्याची काळजी नाही. पण ती सोडा म्हणाल्यावर मला सोडवेल असं वाटत नाही, अक्का. त्या मुलीने तुला काचेमागे उभं राहू द्यायचं कबूल केलं आहे. तिथे माईक आहे. मी सोडला नाही, तर त्यातून मोठ्याने ओरड.