तेलाचा की पाण्याचा

६ जानेवारी
चिनी नव्या वर्षाआधी दारं-खिडक्या रंगवायच्या, असं सासूबाईंनी ठरवलं. लाल ऑइलपेंट, नेहमीसारखा. मी म्हटलं, पाण्यातला घेऊ. वास नाही, लवकर वाळतो.

"पाण्यातला भिंतीला. दाराला तेलाचाच. आलेल्या पाहुण्याला दारात स्वतःचं तोंड दिसलं पाहिजे."

वासाचं खरं कारण सांगितलं नाही. मला दिवस गेलेत, तिसरा महिना लागायचाय. फक्त नवऱ्याला, बून तेकला, ठाऊक आहे. मागच्या वेळी लगेच सांगून टाकलं होतं. मग राहिलं नाही, तेही घरोघर सांगावं लागलं. या वेळी नवरा पुरे.

८ जानेवारी
पेंटर सेंगकाका माप घ्यायला आले. माझं म्हणणं ऐकून हसले. "पोरी, रंगाच्या कंपनीत आहेस ना? तकतकीत ऑइलपेंटवर पाण्यातला धरेल? केळ्याच्या सालीसारखा सोलून निघेल."

म्हटलं, नुसता नाही. आधी पॉलिश पेपरने घासून खरबरीत करायचा, मग प्रायमर, मग रंग.

"घासू की!"

"घासा," सासूबाई म्हणाल्या, "पण वर तेलाचाच."

९ जानेवारी
चौकटीची खपली ब्लेडने काढून लॅबमध्ये नेली. थराखाली थर — लाल, हिरवा, परत लाल. सगळ्यात खालच्या थरांत शिसं निघालं. भरपूर.

तेलाचा लावला तर घरभर वास. पाण्यातला लावायचा तर घासणं आलं, आणि त्या धुळीत शिसं. पोटातल्या जिवाला धूळ जास्त वाईट. घासायचं मीच सुचवलं होतं.

१० जानेवारी
सासूबाईंना शिशाचं सांगितलं.

"चाळीस वर्षं याच दारात बसून भाजी निवडली. मला काय झालं?"

उत्तर होतं. पण ते दिलं की पोटातलंही सांगावं लागलं असतं. काम होईपर्यंत बटरवर्थला आईकडे जाऊन येते म्हटलं, तर — "सणाच्या तोंडावर माहेरी? शेजारीपाजारी म्हणतील, सुनेला हाकललं."

बून तेकचं एकच: "आईला सांग ना. एका वाक्याचं काम." म्हटलं, मागच्या वेळीही एकच वाक्य होतं.

रविवारी काम सुरू होणार.

१२ जानेवारी
रविवार. काका आले नाहीत. सासूबाई ओल्या फडक्याने दारं पुसत होत्या.

"यंदा राहू दे. पुसलं तरी चकाकतं."

का, विचारलं.

"तुझं ते शिसं," म्हणाल्या आणि बादली घेऊन आत गेल्या. माझ्या बोलण्याला पहिल्यांदाच मान मिळाला. बरं वाटलं.

१३ जानेवारी
संध्याकाळी कोपीच्या — इथल्या कॉफीच्या — टपरीवर सेंगकाका भेटले. काम गेल्याचा राग दिसला नाही.

"तुझी सासू घरी येऊन सांगून गेली. घरात पोटुशी बाई असली की खिळा ठोकायचा नाही, ब्रश टेकवायचा नाही. माझी आईही हेच पाळायची. कोण, नणंद आलीय का तुझी?"

मी म्हटलं, कोपी गार होतेय तुमची.

१४ जानेवारी
सकाळी स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, आई, एक सांगायचं होतं —

त्यांनी वर न बघता हातानेच थांबवलं. "तीन महिने भरू देत. तोवर मला काही ठाऊक नाही."