दोन नकाशांच्या जोडावर

१९ नोव्हेंबर
वनखात्याचं विश्रामगृह, दुपार

प्रिय छोट्या,

तुला आणि घरच्या सगळ्यांना आशीर्वाद. मी धडधाकट आहे. भावजयबाईंनी दिलेली मलमाची डबी निम्मी संपली, कुठे लावली ते त्यांनी विचारू नये. तू बांधून दिलेली सायकल गुणी निघाली, पाच दिवसांत एकदाही कुरकुरली नाही. एक पंक्चर झालं, ते मीच काढलं. तुला दहा मिनिटं लागतात, मला तास लागला, पण निवृत्त बाईला घाई कसली? आईला सांग, मी वेळेवर जेवते. तिला तेवढंच विचारायचं असतं.

आधी जंगलाबद्दल लिहिते, कारण ते पोटात मावत नाहीये.

तीस वर्षं मी नकाशांच्या कचेरीत बसून जंगलाला हिरवा रंग लावला. एकच हिरवा, बाटलीवर क्रमांक असलेला. उंचीच्या रेषा दाटीवाटीने आल्या की चढ उभा, लांब लांब असल्या की सोपा, हे मला झोपेतही कळतं. त्या हिशेबाने सायकल मंडळाच्या मार्गपुस्तिकेत मी लिहिलं होतं, 'पहिला घाट, बारा किलोमीटर, मध्यम चढ, दाट जंगल.' त्या 'मध्यम'ने माझ्या नाकी नऊ आणले. सातव्या किलोमीटरला मी पुस्तिका लिहिणाऱ्या बाईचा यथेच्छ उद्धार केला.

वर पोचल्यावर धाप लागली होती. रस्त्याच्या कडेला झुडूप दिसलं, म्हणून टेकायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. ते झुडूप नव्हतं, झाडाचा शेंडा होता. खोड दरीत, इतकं खाली की बुंधा दिसेना. मी त्या झाडाच्या डोक्याशी उभी होते आणि त्याचे पाय कुठे आहेत ते मला माहीत नव्हतं. तशी हजारो झाडं, खांद्याला खांदा लावून, पलीकडच्या डोंगरापर्यंत.

मग समोरच्या डोंगरावर वारा सुटला. आवाज नाही, नुसती झाडं हलताना दिसली, आधी तिथली, मग उतारावरची, मग दरीतली. तो येतोय हे मी बघत उभी होते. चांगला मिनिटभर लागला त्याला माझ्यापर्यंत यायला. पोचला तेव्हा आधी कानात घुमला, मग थंडगार तोंडावर आला, आणि गेला. छोट्या, मला रडू आलं. दुःखाने नाही. एवढं थोरलं काहीतरी आपल्या आधीपासून उभं आहे, आपल्या नंतरही असणार आहे, आणि त्याला मी काय म्हटलं होतं? दाट जंगल. दोन शब्दांत उरकलं. दुरून डोंगर साजरे म्हणतात, ते खोटं आहे. जवळून ते पाहवत नाहीत इतके मोठे आहेत.

म्हणशील, ताई, तू तर हे सगळं आधी पाहिलेलं आहेस. त्याबद्दल लिहायचंच आहे.

वरचं लिहून तास झाला. मधे इथली रखवालदारीण चहा ठेवून गेली. "संपलं का पत्र, बाई?" म्हणाली. म्हटलं, अजून सुरू व्हायचंय.

आज सकाळी मी तिसरा घाट उतरले. तोच घाट. तुझ्या वळणापाशी गेले.

धुकं नव्हतं, लख्ख ऊन होतं. मी ब्रेक दाबून, जीव मुठीत धरून येत होते, तरीही तो रस्ता मला फसवत होता. सरळ, गुळगुळीत उतार, आणि त्याच्या टोकाला एकदम आभाळ उघडतं. खाली जंगलच जंगल, त्यावर सावल्या सरकताहेत, आणि सगळी दरी वर उचलून आपल्या अंगावर येतेय असं वाटतं. तिथे दुसरं काही दिसतच नाही. रस्ता तुझ्या डाव्या कोपरापाशी मागे दुमडलेला असतो आणि तो डोंगराच्या पोटाआड असतो. तू सांगायचास, "इतकं सुंदर दिसलं गं, की मी ब्रेकच विसरलो." तो तुझा गुन्हा ठरला घरात. मी तिथे उतरून सायकल धरून उभी राहिले, आणि माझेही पाय त्या दरीकडेच ओढले जात होते.

रस्त्याची डागडुजी करणारा मुकादम तिथे बसला होता. मी विचारलं, इथे कुणी पडतं का?

"नवखा माणूस इथं सरळच जातो, बाई," तो म्हणाला. "त्याला कुणी आधी सांगायला पाहिजे. नाही सांगितलं, तर त्यात त्याची काय चूक?"

छोट्या, तुला सांगायचं काम माझं होतं.

मी हा मार्ग या खेपेआधी कधीच केला नव्हता. एक घाटसुद्धा नाही. साहेबांनी रजा दिली नाही, मंडळाला पुस्तिकेची घाई, आणि मला वाटलं, नकाशा माझ्याइतका कुणाला कळतो? टेबलाशी बसून उंटावरून शेळ्या हाकल्या. 'प्रत्यक्ष प्रवासावर आधारित' हे पहिल्या पानावरचं वाक्यही माझंच. तिसरा घाट दोन नकाशांच्या जोडावर येतो. अर्धा रस्ता एका कागदावर, अर्धा दुसऱ्यावर. कडा नीट जुळत नव्हत्या, मधे बोटभर कागद कोरा होता. मी पट्टी ठेवली, दोन टोकं जोडली, आणि खाली लिहिलं, 'सरळ, मोकळा उतार.' तुझं वळण त्या बोटभर कोऱ्या जागेत होतं.

दवाखान्यात तू म्हणालास, "वळण लिहिलेलं नव्हतं गं, की मीच वाचलं नाही?" तुझी प्रत सायकलीबरोबर दरीत गेली होती. मी त्याच संध्याकाळी ते दोन नकाशे काढून बसले आणि मला कळलं. पण ताकास तूर लागू दिली नाही. पुढच्या छपाईत गुपचूप 'सावध, अवघड वळण' एवढं घातलं. ती प्रत तुझ्या हाती पडली तेव्हा तू ते वाचलंस, हसलास, आणि आईला म्हणालास, "बघ, लिहिलेलं होतं. माझंच लक्ष नव्हतं." मी समोर बसले होते. भाजी निवडत होते. निवडत राहिले.

एकोणीस वर्षं तू तो गुडघा न वाकवता लोकांच्या सायकली दुरुस्त करतो आहेस. एकोणीस वर्षं आई आल्यागेल्याला सांगते आहे, पोराला घाई नडली. आणि तू मान डोलावतोस. चूक तुझी नव्हती, छोट्या. तू फक्त ताईने लिहिलेल्यावर विश्वास ठेवलास.

मंडळाच्या अध्यक्षांना याच टपालाने सगळं कळवलं आहे. ते पत्र चार ओळींत झालं. हे तिसऱ्यांदा लिहिते आहे.

एक मागते. हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखव. तिला कमी ऐकू येतं, तेव्हा वळणाचा भाग दोनदा वाच. माझ्यावर दया दाखवायला म्हणून मधलं काही गाळू नकोस, तुझी ती सवय मला ठाऊक आहे. ती विचारेल, मग इतकी वर्षं गप्प का बसली? तिला सांग, "ताईला भीती वाटायची, की खरं कळलं तर मी तिला ताई म्हणायचं सोडेन."

सोडलंस तरी चालेल. पण दोन ओळींचं का होईना, उत्तर पाठव. चार दिवस मी इथेच आहे. आज खाली 'तुझी ताई' असं माझं मी लिहीत नाही.

तुझी अपराधी,
थोरली बहीण