मावशीच्या पापण्या

मोंतान्य ब्लांश, रविवार, १९८१

दुकानदाराने वापरून बघायला दिलेली लेन्स ठेवावी की परत करावी? काल ॲपर्चर पूर्ण उघडून मावशीचा फोटो काढला, आज धुऊन नेला. चेहऱ्याला लेन्स झकासच. पापणी न् पापणी मोजता येते, मागचं सगळं लोण्यासारखं विरघळलेलं. मी खुशीत.

मावशीने फोटो खिडकीपाशी नेला.

"माझा फ्रिझिदेर कुठं हाय?"

मागचं पांढरं धुकं म्हणजे तिचा नवा फ्रिज. पुसून, वर फुलदाणी ठेवून ती मुद्दाम त्याच्यापुढे बसली होती. फोटो ब्रीझे वेर्दिएर गावी तिच्या जावेकडे जायचा होता. हे काल माझ्या कुठं लक्षात आलं?

म्हटलं, "मावशी, पापण्या तरी बघ."

"पापण्या जावंलाबी हायेत."