दोन्ही बाजूंना टाळी

कान्हे, ता. मावळ
२२ सप्टेंबर २०२४

चि. समीक्षास आबाचे पोटभर आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. आधी चष्म्याची काडी मोडली, मग जर्मनीला किती तिकिटं लावायची ते पोस्टात दोनदा विचारावं लागलं. फोनवर मला नुसती घरघर ऐकू येते. तुझी आई सारिका शेजारी बसून सांगते, पण निम्मं गाळते असा मला संशय आहे.

तू बरी आहेस असं लिहितेस, आणि अर्धं पान हवेवर खर्च करतेस. शेवटी दोन ओळींत लिहिलंस की दवाखान्यात सगळे गोड बोलतात, पण कामापुरतं; खोलीवर आलीस की सकाळपर्यंत तोंड उघडायला कुणी नाही. ते वाचल्यावर मला घास गेला नाही. तुझी आजी म्हणते, पोरगी तितं रडत असंल आणि हा म्हातारा हितं तिकिटं मोजतोय. शालूबाईचं तोंड तुला ठाऊक आहे.

मी तळेगावला दिगंबर डॉक्टरांना भेटून आलो. त्यांच्या दवाखान्यात नर्सची जागा आहे, वर्षअखेरपर्यंत धरून ठेवतो म्हणाले. तुझी तिथली कच्च्या नोकरीची मुदत डिसेंबरात संपते. मग ये की परत.

तोवर एक कर. खिडकीतून फुटबॉलचं मैदान दिसतं, रविवारी सगळं गाव जमतं असं लिहिलंस. मग खिडकीत काय बसतेस? परक्या गावात ओळख आखाड्यावरच होते. मी तुझ्या आजीच्या गावी पहिल्यांदा कुस्त्यांनाच गेलो होतो. फक्त गप्प बसू नकोस. चांगला डाव दिसला की मल्ल कुठल्याही गावचा असो, उभं राहून टाळी वाजवायची. पाहुण्याचं मन त्यावरूनच कळतं.

भात निसवलंय, लोंब्या बाहेर पडल्यात. स्वेटर घालत जा.

तुझी काळजी करणारा,
आबा (अंबाजी)


हायडनबाख
२१ ऑक्टोबर २०२४

ती. आबा आणि आजी यांस समीक्षाचा साष्टांग नमस्कार.

आबा, काल मी मॅच बघायला गेले. दोन स्वेटर घातले होते, आजीला सांगा.

आमच्या गावचे पिवळे आणि पलीकडच्या गावचे निळे. मी पिवळ्यांच्या लोकांत फळीवर बसले. सगळ्यांनी मान हलवून नमस्कार केला आणि थोडी थोडी जागा सोडून बसले. निळ्यांच्या एका उंच खेळाडूने हवेत झेप घेऊन डोक्याने असा गोल केला की मला तुमचं पत्र आठवलं. मी उभी राहून जोरात टाळ्या वाजवल्या. एकटीच.

मागे वळून बघितलं तर सगळी फळी माझ्याकडे बघत होती. शेजारी ब्रुनो नावाचे तुमच्याच वयाचे आजोबा होते, गळ्यात पिवळा मफलर. ते लालबुंद झाले. म्हणाले, कुठल्या बाजूला बसलीस ते कळतं का, गोलकीपर माझा जावई आहे, आणि या निळ्यांकडून आम्ही चार वर्षं मार खातोय. मी मोडक्या जर्मनमध्ये आपला आखाडा समजावला. ते म्हणाले, कुस्तीचं कुस्तीत, इथे असलं चालायचं नाही. मग शेवटपर्यंत कधी ओरडायचं आणि कधी गप्प बसायचं ते मला कोपराने ढोसून सांगत राहिले. आम्ही तीन-एकने हरलो. जाताना त्यांनी जावयाला चार शिव्या घातल्या आणि मला बजावलं की पुढच्या रविवारी मॅच बाहेरगावी आहे, बस दहाला सुटते, उशीर करू नकोस.

खोलीवर येऊन मी खूप रडले. आईला सांगू नका. चार महिने इथे सगळे माझ्याशी गोड बोलले, रागावलं कुणीच नव्हतं. माणूस आपल्या माणसालाच रागावतो ना, आबा?

राहायचं की नाही ते पंधरा डिसेंबरच्या आत कळवायचं आहे. मला ठरवता येत नाही. तुम्ही सांगाल तसं करीन.

तुमचीच,
समीक्षा


कान्हे
१९ नोव्हेंबर २०२४

चि. समीक्षास अनेक आशीर्वाद.

टाळीचं मी चुकीचं सांगितलं. परमुलुखात तुला तोंडघशी पाडलं म्हणून जिवाला लागलं होतं, पण शालूबाई दोन दिवस हसत होती. भाताच्या झोडणीला आलेल्या बायकांनाही तिने सांगितलं.

तुला उत्तर लगेच लिहिलं होतं. त्यात एकच गोष्ट होती, ये. ते पाकीट खिशात घालून दोनदा कामशेतच्या पोस्टापर्यंत गेलो आणि परत आलो. का ते सांगतो. हे तुझ्या आजीलाही ठाऊक नाही.

एकोणिसाव्या वर्षी मी खंडाळ्याला रेल्वेच्या रूळ दुरुस्तीच्या गँगमध्ये लागलो होतो. घरी सांगितलं की मुकादमाने काढून टाकलं. ते खोटं. मी नवव्या दिवशी पळून आलो. तिथे माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. मी भाकरी घेऊन लांब दगडावर बसायचो. आठव्या दिवशी श्रीपती मुकादम सगळ्यांसमोर खेकसला, की आमच्या भाकरीला विटाळ हाय का रं, हितं येऊन बस. मला तो अपमान वाटला. पहाटे चालत निघालो. घाट सोडला, लोणावळा मागे टाकला, पण मागे वळून बघितलं नाही.

पंचावन्न वर्षं मी त्या माणसाला मनात शिव्या दिल्या. तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि पाकीट टाकता टाकता हात थांबला. तो मला जेवायला बोलावत होता, बाळा.

तुला ते एका दुपारात कळलं. मला कळायला म्हातारपण आलं. म्हणून काय करायचं ते मला विचारू नकोस. मी ये म्हणालो तर ते माझ्यासाठी म्हणेन, आणि राहा म्हणायला माझी जीभ उचलत नाही. ते पाकीट चुलीत घातलं. डॉक्टरांची जागा अजून आहे, तीही ध्यानात ठेव. तू ठरव. राहिलीस तरी मी रुसणार नाही. रुसलो तर चार दिवस, त्यापलीकडे नाही.

पत्राला फार दिवस लागतात. ठरलं की सारिकाच्या फोनवर एक ओळ टाक, ती मला मोठ्या अक्षरात लिहून दाखवील. काहीही असो, पण लवकर कळव. मी ओट्यावरच बसलो आहे.

तुझा,
आबा