घाणा शनिवारी बंद

कारेलीबाग, बडोदे
६ जानेवारी १९९७

ती. एलिझरदादास,
लेआचा शालोम व सा. न. वि. वि.

मोहनाची बारावीची परीक्षा अजून लांब आहे, तिच्या आईची मात्र सुरू झाली. जयवंतराव शेठनी औषधांचा कारखाना विकल्याचे कळवले होतेच. ते मला शब्बाथ पाळायला शनिवारी सुट्टी देत आणि मी रविवारी एकटी जाऊन लॅब उघडत असे. नव्या कंपनीचे उत्कर्षसाहेब म्हणतात, शनिवारी या, नाहीतर राजीनामा द्या. मी म्हटले, दोन्ही जमणार नाही. शेजारच्या चारुलताबेननी कपाळावर हात मारला. एका शनिवारात काय बगडून जाणार आहे, म्हणाल्या.

हे गेल्यापासून घर माझ्या पगारावर चालते, हे मी विसरलेले नाही. भीती वाटते, दादा. पण मिसरातून सुटलेल्या आपल्या लोकांसाठी रानात आभाळातून खायला मान्ना पडायचा, तो शुक्रवारी दुप्पट पडायचा. शनिवारी वेचायला गेलेले रिकाम्या हाताने परतले. बाबांनी ही गोष्ट काय आपल्याला झोप यावी म्हणून सांगितली? मी एलियाहू हानाबीच्या नावाने नवस बोलले आहे.

तुझा लोभ मागायला लागत नाही, तरी मागते.
लेआ

अहमदाबाद
शनिवार, ११ जानेवारी १९९७

चि. लेआस अनेक आशीर्वाद.

दुकानात घड्याळे दुरुस्त करता करता लिहितो आहे. तू जन्माची हट्टी. अगं, एस्तेर राणीनेसुद्धा राजवाड्यात आपण कोण हे लपवलेच ना? देव वाट दाखवतो, भिंतीवर डोके आपटायला सांगत नाही. मोहनाची परीक्षा होईपर्यंत शनिवारी जा. नवस बोललीस ते बरे केलेस. नोकरी टिकली की थाटात मलिदा करून तो फेडू. पोह्यांवर घालायचे खोबरे मी स्वतः खवीन.

राग धरू नकोस, लोभ धर.
तुझा दादा

कारेलीबाग, बडोदे
१९ जानेवारी १९९७

ती. दादास,
शालोम व सा. न. वि. वि.

उत्तरायणाचे पतंग अजून समोरच्या कडुलिंबावर लटकत आहेत, आणि माझी नोकरी गेली. शुक्रवारी साहेबांनी शेवटचे विचारले. मी हातातले काम संपवले, चाव्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या आणि शब्बाथचे दिवे लावायला वेळेवर घरी आले.

एस्तेर लपली खरी, पण वेळ आली तेव्हा आपल्या लोकांसाठी राजासमोर उभी राहून बोलली. शनिवारी दुकानात बसणाऱ्याच्या वाचनातून ते पान सुटायचेच! कोकणात आपले लोक तेलाचा घाणा चालवायचे. प्रार्थना विसरले होते, भाषा विसरले होते, पण शनिवारी घाणा बंद. गाव त्यांना शनवार तेली म्हणायचे. त्यांची पोरे काही उपाशी मेली नाहीत. त्यांना सांभाळणारा माझेच दार सोडून पुढे जाईल, हे मी मानत नाही.

आता कामाचे. रविवारी, २ फेब्रुवारीला माझ्याकडे मलिदा आहे. बडोद्यात प्रार्थनेला आपले दहा पुरुष जमत नाहीत, तेव्हा तिकडून घेऊन ये. नोकरी गेल्यावर कसला मलिदा, असे विचारशील. माझा नवस नोकरीसाठी नव्हताच. मला शनिवारी त्या फाटकातून आत जायला लावू नकोस, एवढेच मागितले होते. ते मिळाले. मग फेडायला नको?

उद्यापासून केमिस्ट्रीची ट्यूशन घेते. पहिल्या दोन्ही मुली चारुलताबेनच्याच. दारावर पाटी आहे, शनिवारी बंद. मोहनाने रंगवली.

लोभ असू दे, आणि नारळ नीट वाजवून आण.
लेआ

अहमदाबाद
२७ जानेवारी १९९७

चि. लेआस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी संतापलो, मग माणसे गोळा करायला निघालो. जो तो विचारी, नोकरी गेल्याचा मलिदा कोण करतो? मी तुझे पत्र वाचून दाखवले. सगळे रविवारी सकाळच्या गाडीने येतील.

मी मात्र शुक्रवारी दुपारीच येतो, तुझे दिवे लागायच्या आत. शनिवारी नुसते बसायचे म्हणजे मला जड जाणार, तेव्हा सांभाळून घे. नारळ घेतले आहेत.

दुकानाला कुलूप राहील. शेजाऱ्याला सांगून ठेवले आहे, गिऱ्हाईक आले तर म्हणावे, शनवार तेल्याचे दुकान आहे, आज उघडणार नाही.

तुझा दादा